कॅम्पात सूर्य गेल्यावर

“गेला सूर्य,” क्षमाआक्का म्हनली. कुनाकडं बघून न्हाय. समोर चर्चवर टांगलेल्या कागदी चांदण्यांकडं बघून.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या तारामतीआक्काचा हात मांडीवरच्या डब्याच्या झाकनावर हुता. तिनं झाकन न उघडताच हात मागं घेतला.

कॅम्पात, बेळगावच्या जुन्या लष्करी छावणीच्या भागात, नाताळची गर्दी नुसती उसळलेली. बेळगावची थंडी, बेकरीतला केकचा वास, लाल टोप्या घालून किंचाळनारी पोरं. बोरगावची ही चौघं, दोन आक्का नि दोन अण्णा, सगळी पासष्टीच्या पुढची, दर डिसेंबरात कुठंतरी हिंडायला जातात. यंदा भुजबलीअण्णानं बेळगाव ठरवलं. आधी किल्ला, किल्ल्यातली जैन बस्ती, म्हंजी देऊळ, मग कॅम्पातली रोषनाई. चौघंबी जैन, चौघांचंबी सूर्य बुडाल्यावर खानंपिनं बंद. म्हनून पाच वाजता किल्ल्यातच बसून जेवायचं ठरलेलं. पन अण्णाला घाई. “कॅम्प गाठू, मग बसू. पाचच मिनिटं.” त्या पाच मिनिटांवर भरवसा ठेवून तारामतीआक्कानं साखरेच्या रोगाची गोळी घेतली. जेवनाआधी घ्यायची गोळी. मग पोलिसांनी रस्ता अडवला. मग वळसा. मग त्या वळशाला आनि एक वळसा. अण्णाच्या पाच मिनिटांचा तास झाला.

आता भोवतीची मानसं स्वेटरात कुडकुडत हुती आनि तारामतीआक्काच्या कपाळावर घाम हुता. मागच्या खेपेला अशीच गोळी घेऊन उपाशी राहिली, तर तीन दिस दवाखान्यात बेशुद्ध पडून हुती.

“भुजबलीअण्णा, तिला सांगा पदरानं तोंड पुसायला,” क्षमाआक्का म्हनली. “लोक बघत्यात.”

दोघी आक्का म्हायेरच्या सदलग्याच्या. शाळेत एका बाकावर बसलेल्या, लग्न करून एकाच गावात आलेल्या. पन मागच्या उन्हाळ्यापास्नं एकमेकींशी सरळ बोलनं बंद. एका लग्नात दिवं लागल्यावर तारामतीआक्काच्या हातात जेवनाचं ताट दिसलं. ताट नातवाचं हुतं. क्षमाआक्कानं ते तिचं करून गावभर सांगितलं. तारामतीआक्काचं महिला मंडळाचं अध्यक्षपद गेलं. गावच्या बस्तीत बायका तिच्यापास्नं सरकून उभ्या राहायला लागल्या. चाळीस वर्षं पाळलेलं व्रत एका संध्याकाळीत खोटं ठरलं.

आनि खोटं ठरवनारी कोन, तर नवरा दवाखान्यात शेवटचे श्वास घेत असताना बी जिनं अंधार पडल्यावर घोटभर पानी घेतलं न्हाय. हे बी तिनं स्वतःच गावाला सांगितलेलं.

“आक्का, घामानं भिजलीस तू,” अभिनंदनअण्णा खाली वाकून म्हनला. “खा गप. आजाऱ्याला चालतंय. मुनी महाराज बी सांगत्यात.”

“तुमाला चालत असंल. मला न्हाय.” तारामतीआक्काची जीभ जड झालेली. “मी एक घास घेतला की आपली बस निपानीला पोचायच्या आत बोरगावात कळंल.”

“कोन सांगनार हाय?” भुजबलीअण्णा तडकला.

तारामतीआक्कानं नुसतं बाकाच्या दुसऱ्या टोकाकडं बघितलं.

“माझ्याकडं कशाला बघतीया ती?” क्षमाआक्का म्हनली. “गोळी काय मी घे म्हनलेलं? एवढं वय झालं, ताट पुढ्यात आल्याबिगर गोळी घेऊ नये एवढी अक्कल नगं व्हय?”

“अण्णा, हिला गप बसवा. न्हायतर मी उठून जाते.”

उठायला गेली आनि तशीच परत बाकावर आदळली.

“मुंदे होग्री, मुंदे होग्री,” शिट्टी वाजवत, सगळ्यांना पुढं सरकवत एक पोलीस आला. अभिनंदनअण्णानं त्याला कानडीतच असं झाडलं, की तो दुसऱ्याच कुनाला तरी पुढं ढकलायला गेला.

भुजबलीअण्णा आता भ्याला. त्यानं आवाज मऊ केला. “आक्का, सूर्य अजून हाय की. त्या बिल्डिंगीच्या आड गेलाय नुसता. खा लवकर.”

तारामतीआक्कानं मान वर केली. क्षनभर तिला ते खरं वाटलं. हात डब्याकडं गेला.

“न्हाय,” क्षमाआक्का म्हनली. “कवाच गेलाय. खोटं बोलून तिचं व्रत मोडू नका.”

हात परत मागं गेला.

“तू मानूस हायस का कोन हायस गं?” अभिनंदनअण्णा ओरडला. चार लोक थांबून बघायला लागले. “ती मरंल इथं. मग सांग गावभर, व्रत पाळून मेली म्हनून.”

भुजबलीअण्णानं झाकन उघडलं, पोळीचा तुकडा मोडला आनि तारामतीआक्काच्या तोंडाला लावला. तिनं दात आवळले. तुकडा लुगड्यावर पडला. तिचे डोळे मिटायला लागले, पन दात सुटले न्हाईत.

क्षमाआक्का उठली. अण्णाच्या हातातनं डबा हिसकून घेतला. आत बघितलं.

“साखरेचा रोग आनि डब्यात गुळाची शेंगापोळी,” ती म्हनली. “व्वा.”

“ठेव तो डबा,” भुजबलीअण्णा म्हनला.

तिनं ठेवला न्हाय. पोळीचा मोठा तुकडा मोडला आनि स्वतःच्या तोंडात घातला. ती सावकाश चावत हुती, घाई न करता, जमलेली मानसं बघत असताना. तुकडा गिळला. मग दुसरा तुकडा मोडून तिनं तारामतीआक्काच्या हनुवटीखाली धरला.

“डोळं उघड, तारे. आता गावात सांगायला माझं बी तोंड राहिलं न्हाय. खा.”