शंभर टक्के हजेरी

"कल्याणी, दार लाव. आता ब्रह्मदेवाचा बाप आला तरी उघडायचं न्हाई," डॉक्टर मार्तंडनं ज्युनिअर डॉक्टरीणबाईला बजावलं. "निरीक्षक सोडून."

नवीन जालन्यातल्या त्या हॉलमध्ये जिल्ह्यातले झाडून सगळे हृदयरोगतज्ज्ञ बसले होते. परदेशी संस्थेची मान्यता मिळाली की इथल्या प्रशिक्षणाचे गुण बाहेरच्या देशांतही चालणार होते. तीन वर्षं मार्तंडनं त्यापायी रक्त आटवलं होतं. दोनदा अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तर ऐन व्याख्यानात फोन वाजतात, डॉक्टर उठून जातात! म्हणून या खेपेला सगळ्यांचे मोबाईल बंद करून टोपलीत टाकलेले. निरीक्षक म्हणून संस्था म्हणे इथलाच कोणी जुना माणूस धाडते, न कळवता, साध्या वेशात.

साडेअकराला तो आला. साठी उलटलेली, धुवट सदरा, वर जुना कोट, काखेत फाईल.

"मोठे डॉक्टर हितंच हायेत ना?"

कल्याणीनं लगबगीनं दार उघडून त्याच्या हातात गुच्छ दिला आणि त्याला थेट पहिल्या रांगेत, मार्तंडच्या शेजारी बसवलं.

व्याख्यान सुरू झालं, 'हार्ट ॲटॅकचा पहिला तास'. म्हातारा सारखा घड्याळ बघत होता. मिनिटं मोजतोय, मोठा कामाचा माणूस, मार्तंडला वाटलं.

"साहेब, दोन मिनिटं बाहेर चला," म्हातारा कुजबुजला. "ही फाईल तरी बघा."

अस्सं! मला उठवून बघतो काय! मार्तंड मनातल्या मनात हसला. "फाईल जेवताना बघू, सर. रेकॉर्डिंग चालू आहे." त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

दहा मिनिटांनी पुन्हा तेच. "मंग दुसरं कोणी द्या. एक तरी डॉक्टर द्या."

"एकपण न्हाई मिळायचा, सर! जिल्ह्यातला एकूणएक इथं आहे. शंभर टक्के हजेरी!"

"म्हंजी भाईर कोणीच न्हाई?"

"बिलकुल न्हाई!"

म्हाताऱ्यानं हात जोडले. मार्तंडनंही अदबीनं जोडले. मग म्हातारा उठला. कल्याणीनं त्याला वाकून दार उघडून दिलं. फाईल आणि गुच्छ खुर्चीवरच राहिले.

व्याख्यान संपलं, टाळ्या पडल्या. मार्तंडला आता दम निघेना. या वेळी आपण जिंकलो, त्याला खात्री होती. किती गुण दिले असतील? त्यानं फाईल उघडली.

आत ईसीजीचा कागद होता. दुर्गाबाई, राहणार कुंभार पिंपळगाव, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. त्यावर त्याच्याच हॉस्पिटलातल्या बेबीनंदा सिस्टरचं गिचमीड अक्षर: 'सर, फोन लागत नाही. पेशंटला तिकडंच पाठवते.'

तो धावत दारापाशी गेला. पायऱ्यांजवळ ॲटो उभा होता. बायकोचं डोकं मांडीवर घेऊन म्हातारा मागच्या सीटवर बसला होता. आता तो घड्याळाकडं बघत नव्हता.