दुपारची रात्र

“हळू बोला, ती झोपलीय,” दार उघडता उघडताच नेलिदानं बजावलं.

बाहेर भर दुपारचं ऊन होतं. ग्रासिएला आणि वाल्तेर चवड्यांवर आत आले. अर्जेंटिनाच्या सीमेलगतच्या पायसांदू गावात घरी कायद्यानं गांजा वाढवणाऱ्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. रात्री वीज स्वस्त, म्हणून झाडाचा दिवस रात्री दिव्याखाली उजाडतो आणि दुपारी त्याचं कपाट बंद करून त्याला झोपवतात. त्या झोपेत उजेडाची तिरीप जरी शिरली तरी झाड बिथरतं. फूल भरायचं सोडून बी धरतं.

पण आज झाड जागं होईपर्यंत थांबायची सोय नव्हती. थोड्या वेळात अर्जेंटिनाशी फुटबॉलचा सामना होता, आणि सामना संपला की गांजावाल्यांच्या क्लबात सर्वांत मोठ्या फुलाचा निकाल. जिंकणाऱ्याच्या झाडाची कलमं पुढच्या हंगामात घरोघर जातात आणि त्या झाडाचं नावही तोच ठेवतो. गेल्या वर्षी वाल्तेर जिंकला आणि त्यानं आपल्या कुत्र्याचं नाव दिलं. तेव्हापासून नेलिदा रोज स्वतःच्या घरात ‘पेलूसा’ला पाणी घालत होती, आणि हे तिला अजून पचलेलं नव्हतं.

“खालच्या सगळ्या फांद्या उडवल्यास म्हणे, शेजारीणबाई,” वाल्तेर म्हणाला. “एकच शेंडा ठेवलास. आम्ही त्याला झाड नाही, छत्रीचा दांडा म्हणतो.”

“तू किती ठेवल्यास?”

“सगळ्या. पोटच्या पोरींवर कात्री कशी चालवू?”

“म्हणून सगळ्या अर्धपोटी राहिल्या. आणि दर तासाला कपाट उघडून बघतोस ते वेगळंच.”

“बघितल्याशिवाय राहवत नाही गं,” वाल्तेर म्हणाला, आणि हे मात्र त्यानं अगदी मनापासून सांगितलं.

परीक्षक ग्रासिएला होती. तिनं पर्समधून सुतळी काढली. फुलाच्या सर्वांत जाड भागाभोवती सुतळी फिरवायची आणि दोन टोकं जुळतील तिथं गाठ मारायची, एवढंच माप. फक्त ते प्रतिस्पर्ध्यानं घ्यायचं, मालकानं हात लावायचा नाही, कारण आपल्या फुलावर कुणाचीही सुतळी सैलच पडते. सकाळी वाल्तेरच्या फुलाचं माप नेलिदानं घेतलं होतं, चांगल्या लख्ख उजेडात.

नेलिदानं तिघांचे फोन स्वयंपाकघरातल्या पातेल्यात टाकून झाकण लावलं. वाल्तेरच्या घड्याळाचे काटे अंधारात चमकतात, म्हणून तेही काढून घेतलं. मागच्या खोलीच्या खिडकीला दोन घोंगड्या आधीच ठोकलेल्या होत्या. दार लागलं, आणि डोळ्यांपुढं धरलेला हातही दिसेना. तेव्हा कुठं नेलिदाच्या ध्यानात आलं की वाल्तेर सुतळी किती आवळतो, ते कुणालाच दिसणार नाही. पण आता माघार घेऊन चालणार नव्हतं. तिनं चाचपडत कपाट उघडलं.

वास एकदम अंगावर आला. लिंबाचा, ओल्या लाकडाचा, आणखी कसला तरी.

“दाबू नकोस हं,” ती कुजबुजली.

“नाही गं.” सुतळी पानांवर सळसळली. मग वाल्तेर हळूच म्हणाला, “बापरे. एका मुठीत मावत नाही हे.”

नेलिदाचं काळीज इतकं धडधडत होतं की झाडाची झोप त्यानंच मोडेल असं तिला वाटलं.

“गाठ झाली का?” ग्रासिएलानं विचारलं.

“झाली.” क्षणभरानं तोच पुन्हा म्हणाला, “थांबा. थांबा जरा.”

अंधारात त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

“हां, आता झाली.”

कपाट लावून, चाचपून बघून, तिघं स्वयंपाकघरात आली. ग्रासिएलानं सकाळची सुतळी टेबलावर ठेवली आणि तिच्या बाजूला ही. नेलिदाची सुतळी अंगठाभर लांब भरली. ग्रासिएलानं तिला घट्ट मिठी मारली आणि दोघी तिथल्या तिथं आवाज न करता उड्या मारू लागल्या.

उड्या मारता मारता नेलिदाची नजर सुतळीवर गेली. गाठीच्या अंगठाभर अलीकडं सुतळी चुरगळली होती, तिथं चीक लागून ती काळपट झाली होती. पहिली गाठ तिथं मारली होती, वाल्तेरच्या फुलाच्या मापापेक्षा केसभर कमी. तिनं मान वर केली. वाल्तेर तिच्याकडंच बघत होता.

“पहिली गाठ चुकली होती,” तो म्हणाला. “सोडवताना नखं दुखली. भलताच चीक आहे तिला.”

नेलिदानं भोपळ्याच्या पेल्यातल्या कडू पाल्यावर गरम पाणी ओतलं आणि तो चहा त्याच्या हातात दिला.

“नाव काय ठेवणार?” त्यानं नळीनं घोट घेत विचारलं.

“मांजराचं ठेवणार होते. तुझ्या कुत्र्याला घाबरून झाडावर चढायला लावेल अशा.”

“आणि आता?”

“आता बघते.”

तेवढ्यात अख्खी गल्ली दणाणली. सामना कधीच सुरू झाला होता, आणि गोल झाला होता. घराघरांतून आरोळ्या उठल्या, भोंगे वाजले, कुणी पत्र्यावर काठ्या बडवल्या. आयुष्यात एकही सामना न चुकवलेला वाल्तेर पेला टाकून खिडकीशी धावला. गोल कुणी मारला ते त्यानं विचारलं नाही. अर्धं अंग बाहेर काढून, चीक लागलेलं बोट ओठांवर ठेवून, तो गल्लीवर खेकसला, “हळू रे, ती झोपलीय.”