सगळ्यांना सारखंच

शेजारच्या त्सोन्कानं पहिलीच नोट जुगाराच्या मशीनमध्ये सरकवली आणि मशीन फळलं. झ्लातकाचा जळफळाट झाला. महिनाभर आपली पेन्शन ती त्याच मशीनला चारत होती! तिनं तिथूनच सोफिया शहरात राहणाऱ्या मुलाला फोन लावला.

"कालोयान, याचा प्रोग्रॅम तूच लिहिलास ना? मग सख्ख्या आईवर असा अन्याय?"

"अगं, त्याला आई कळत नाही अन् शेजारीणही कळत नाही. ते सगळ्यांना सारखंच लुटतं. किती हरलीस? पाठवतो. आता डोकं खाऊ नकोस, कामात आहे मी."

"पैसे घाल चुलीत! जिंकणाऱ्याला हसून 'शाब्बास!' म्हणतो, तो मशीनमधला आवाजही तुझाच ना? तो ऐकायला महिनाभर खेळले मी, अन् आज तो त्सोन्काशी बोलला. मग फोनवर माझ्या अंगावर खेकसतो, तो मेला कोण?"