टाहो, दोन मार्क

भीमाशंकर गुरुजींनी पंचशीला नावाच्या पोरीची सहामाहीतली उत्तरपत्रिका चावून गिळली. अर्थात असं काही घडलंच नाही. उत्तरपत्रिका गहाळ झाली, एवढंच.

"काय खायलाव वो?" बायको बसम्मानं विचारलं.

"पेपर तपासायलोय."

प्रश्न गुरुजींनीच काढला होता : 'टाहो फोडणे' – अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. पोरीनं लिहिलं होतं, 'मोठ्याने आक्रोश करणे. नामांतराच्या दंगलीत आमची वस्ती पेटली तेव्हा आईने गुरुजींच्या दारात टाहो फोडला आणि गुरुजींनी कडी लावून रेडिओ मोठा केला.'

अर्थ बरोबर. उपयोगही बरोबर. एक मार्क कापायला जागा नव्हती.

तांब्याभर पाणी पिऊन गुरुजी शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहायला बसले : 'तरी सदर शब्द मराठी भाषेतून कमी करण्यात यावा, ही नम्र विनंती.'