सुरुवातीची धून

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या ड्रम कोअर, म्हणजे मैदानात कवायत करत वाद्यं वाजवणाऱ्या तरुणांच्या, पथकात शिरायला टेसा तीन वर्षं ट्रम्पेट घेऊन आली आणि तिन्ही वर्षं निवड यादीत तिचं नाव लागलं नाही. यंदा तिला बावीस वर्षं पूर्ण झाली. नियमाप्रमाणे त्यानंतर मैदानात उतरताच येत नाही.

ऑक्टोबरमध्ये पथकप्रमुख क्राउस सरांचा तिला फोन आला. पुढच्या मोसमाचं संगीत ठरवायची बैठक नुकतीच संपली होती.

"टेसा, तू पाठवलेली धून ऐकली आम्ही."

"सहज पाठवली होती, सर. माझं वाजवायचं वय तर गेलं."

"वाजवायला कोण बोलावतंय तुला? ते पोरं करतील. कार्यक्रम तुझ्या धुनेनं सुरू होणार आहे."

टेसा म्हणाली, "सर, त्यातला शेवटचा सूर फार उंच आहे. मला स्वतःला तो कधीच लागला नाही."

"ठाऊक आहे. तीन वर्षं ऐकलंय मी तुला."

जूनमध्ये पहिल्याच कार्यक्रमात ऐंशी जणांनी ती धून वाजवली आणि अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं. जिनं ती रचली होती, ती एकटीच बसून होती. तिची बोटं मांडीवर अजून तो शेवटचा सूर दाबत होती.