चौसष्ट पायऱ्या

नवव्या पायरीवर काडीने आईला खाली टेकवलं आणि भिंतीला धरून तो धापा टाकू लागला. चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत पायऱ्या चौसष्ट. त्याच्या झाल्या होत्या नऊ.

"झालं?" मागून उतरणाऱ्या थोरल्या भावाने विचारलं. "अरे, तुला स्वतःचं अंग सावरत नाही, आईला काय उचलणार?"

न्हाणीघरात घसरून पडल्यापासून आईचे पाय गेले होते. इमारतीला लिफ्ट नाही. मागच्याच आठवड्यात तिची छाती भरली, तेव्हा तिला खाली न्यायला माणसं मिळेपर्यंत दोन तास गेले. ती वाचली ते नशीबच. थोरल्याच्या घरी जागा नव्हती आणि त्याच्या बायकोची इच्छाही नव्हती, म्हणून त्याने एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता.

"मला नाही जायचं तिकडे," आई पायरीवर बसल्या बसल्या म्हणाली. "मरायचं तर माझ्या घरात मरेन."

"सहा महिने दे," काडी थोरल्याला म्हणाला. "पुढच्या तपासणीला मी एकटा हिला खाली नेईन. मध्ये कुठेही न टेकवता."

थोरला हसला, पण कबूल झाला. "नाही जमलं तर त्याच दिवशी परस्पर आश्रमात. मग रडारड नको, कुणाचीच." आईनेही मान डोलावली.

काडी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. वय पस्तीस, वजन सत्तेचाळीस. आईचं अठ्ठावन्न. लहानपणी क्षय, मोठेपणी हर्नियाचं ऑपरेशन. दुखणी त्याच्या पाचवीलाच पुजलेली. खायचा भरपूर, पण अंगी काही लागायचं नाही. शाळेत पडलेलं नाव जन्माला चिकटलं ते असं.

तळघरातल्या व्यायामशाळेच्या उस्तादांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इथे पंखा जोरात असतो हं बाबा. जरा कडेला उभा राहा."

काडी हसला नाही. पहिला महिना त्याने नुसती दांडी उचलली. दिवसाला सहा अंडी, लिटरभर दूध, आणि चौसष्ट पायऱ्यांवरून वाळूची पिशवी पाठीवर घेऊन वरखाली. तिसऱ्या महिन्यात अंगावर तीन किलो चढले, आणि नेमका तेव्हाच टायफॉईड झाला. कमावलेले तीन गेले, वर पदरचा एक गेला.

"दोन महिने वजनाला हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "जिवावर बेतेल."

पंधराव्या दिवशी तो पुन्हा तळघरात हजर. उस्तादांनी कपाळावर हात मारला आणि दांडी त्याच्या हातात दिली.

आई त्याच्या खाण्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची. रात्री स्वतःच्या ताटातलं अंडंसुद्धा त्याच्या ताटात सरकवायची. "मला बसल्या जागी किती लागतंय? जिना तुला उतरायचाय."

दुपारचं ताट शेजारच्या काकू तिच्या खाटेजवळ ठेवून जात. संध्याकाळी तो परतायचा तेव्हा ताट चाटूनपुसून लख्ख असायचं.

"जेवलीस का नीट?"

"ताट बघ की."

खाटेखाली काकूंची मांजर पाय पसरून झोपलेली असायची. ती चांगली गोल झाली होती. "बघ, तुझ्या आधी ही पहिलवान झाली," आई म्हणायची, आणि दोघं पोट धरून हसायचे.

दर रविवारी तो आईला गोधडीत गुंडाळून जिन्यात न्यायचा. टायफॉईडनंतरच्या पहिल्या रविवारी तर त्याला नऊ पायऱ्यांचीही खात्री नव्हती. अकरा झाल्या. मग वीस. मग पस्तीस. त्या रात्री आनंदाने त्याला झोप आली नाही.

उस्तादांना मात्र कोडं पडलं होतं. "इथे पस्तीस किलोच्या पुढे तुझी गाडी सरकत नाही आणि आईला घेऊन दोन मजले उतरतोस?"

"आई आहे ती."

"तेही खरंच. लोखंडाला कुठली माया?"

ठरल्या दिवशी थोरला दारात उभा राहिला. वेळ पडली तर असावी म्हणून आईची बॅग त्याने भरायला सांगितली होती. ती काडीने भरली नव्हती. आई दोन स्वेटर आणि वर शाल अंगावर घेऊन तयार बसली होती.

"एवढी कसली थंडी?" थोरल्याने विचारलं.

"म्हातारपण आहे रे. चला आता."

काडीने तिला उचललं. तिसरा मजला गेला, दुसरा गेला. चाळिसाव्या पायरीला ऑपरेशनच्या जागी कळ आली. पन्नासाव्या पायरीला मांड्या लटपटायला लागल्या.

"थांब, मी धरतो," थोरला पुढे झाला.

"हात लावू नकोस!"

चौसष्ट. काडी रस्त्यावर आईला घेऊन उभा होता आणि हमसाहमशी रडत होता. थोरल्याचेही डोळे भरून आले. "हरलो बाबा मी," तो म्हणाला. "आता आई तुझ्याकडेच. पुन्हा विषय काढणार नाही."

हॉस्पिटलात नर्सने स्वेटर, शाल उतरवून आईला वजनाच्या खुर्चीत बसवलं. ते कपडे हातावर घेऊन काडी खुर्चीमागे उभा होता. तो तिथे आहे हे आईला दिसत नव्हतं.

नर्सने आकडा पाहिला, जुना कागद पाहिला, पुन्हा आकडा पाहिला. "मागे अठ्ठावन्न, आणि आज अडतीस? काटा बिघडलाय वाटतं."

"काटा बरोबर आहे, बाई," आई हळूच म्हणाली. "मी पस्तिसावर आणायचं ठरवलं होतं, पण माझं लेकरू आधीच तयार झालं."