तीन टोले

खाण बंद पडून तिचं संग्रहालय झालं होतं. तिथल्या, खाणीत माणसं ने-आण करणारा पाळणा ओढणाऱ्या वाफेच्या यंत्रावर उभी हयात घालवलेल्या आजोबांना गाइड पोरीने हौसेने दांडा धरायला लावला, आणि तेवढ्यात खालून घंटेचे तीन टोले पडले. तीन टोले म्हणजे, पाळण्यात माणसं आहेत, सावकाश वर घ्या!

आजोबांनी दांडा घट्ट आवळला. खोल खाणीतल्या त्या पाळण्यात त्यांची नात होती.

"अहो आजोबा, घाबरताय काय? बॉयलर केव्हाच विझलाय, दांडा नुसता शोभेचा. पाळणा विजेवर चालतो!" गाइड पोरगी हसली.

तरी आजोबांनी जीव मुठीत धरून दांडा हळूहळू ओढला. पाळणा अलगद वर येऊन टेकला.

नातीमागून संग्रहालयाचा वायरमन उतरला, पांढराफटक पडलेला.

"पाळण्याची वीज दहा मिनिटांपूर्वीच गेलीय. आम्हाला ओढलं कुणी?"